डाव्या हाताची मोटारसायकल

धार, १४ नोव्हेंबर १९०९

चिरंजीव प्रतापला मानाजीदादाचे आशीर्वाद.

अक्का खुशाल आहे. रोज मला, पोटच्या मुलाला, विचारते, माझ्या बहिणीच्या मुलाला मी पदराखाली वाढवलं, तो देवासला नोकरीला गेला आणि मावशीला विसरला का. तिला दोन ओळी वेगळ्या लिही, म्हणजे माझी सुटका होईल.

आता खरी बातमी. इंजिन फिरलं. पुलाच्या कामावरचा तो साहेब आपली मोडकी मोटारसायकल आमच्या दरबारी बग्गीखान्यात टाकून विलायतेला गेला, तेव्हा तूच म्हणाला होतास की इंजिन जिवंत आहे, याला गाडी आपण बांधू. सव्वा वर्ष झालं. दोन जुन्या सायकलींच्या नळ्या जोडून सांगाडा उभा केला, पुढचा काटा भट्टीवर वळवला, आणि काल इंजिन लाकडी घोडीवर बांधून फिरवलं. पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा नुसता धूर, तिसऱ्यांदा चाललं. बग्गीचे घोडे बिथरले आणि मोतद्दारांनी माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली.

अडलंय ते चाकीपाशी. इंजिनाच्या दांड्यावर जी चाकी बसते आणि जिच्या खाचेतून कातड्याचा पट्टा मागच्या चाकाला जातो, ती जुनी चिरली आहे. इथला लेथ पायाने फिरवायचा, तो डुगडुगतो. तुमच्या कापसाच्या जिनातला वाफेवर चालतो, आणि तुझ्यासारखा हात तर आमच्या अख्ख्या कारखान्यात कुणाचा नाही. पोलादाची हवी, व्यास साडेचार इंच, खाचेच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या उतरत्या. आराखडा सोबत आहे.

सवडीने कर, घाई नाही. असं लिहितो खरा, पण घाई आहे.

मानाजी

•

देवास, १८ डिसेंबर १९०९

तीर्थरूप मानाजीभावोजींस इंदूचा नमस्कार.

अक्षर माझं पाहून आपण दचकाल. हे पत्र आधी एकट्याने वाचावं, मग अक्कांना जमेल तसं सांगावं.

गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला यांचा उजवा हात जिनात पट्ट्यात सापडला. इंदूरच्या इस्पितळात मनगटापासून काढावा लागला. आम्ही परवा घरी आलो. ताप उतरला आहे. जखम भरते आहे असं डॉक्टर म्हणाले. हे दिवसभर पडून असतात. कुणी भेटायला आलं की हातावर उपरणं ओढून घेतात. मलाही बघू देत नाहीत. पट्टी स्वतःच दातांनी बांधतात.

पुढचं त्यांनी सांगितलं तसं लिहिते. अस्तनी अडकली, एवढंच झालं. चाकी त्याच्या आधीच पुरी झाली होती. ती टांग्याच्या डाकेने पाठवली आहे. पोचल्याचं लिहावं.

आपण यावं असं ते म्हणाले नाहीत. मी म्हणते.

इंदू

•

धार, १६ जानेवारी १९१०

चिरंजीव प्रताप,

तुझ्याकडून परतून पंधरा दिवस झाले. तीन दिवस मी तुझ्या ओसरीवर बसलो आणि तीन दिवस तू भिंतीकडे तोंड करून पडलास. मला तुझ्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून इंदूला जगभरच्या गोष्टी सांगत राहिलो. तू ऐकत होतास. बेटम्याच्या म्हशीने फौजदाराची पगडी खाल्ली, त्या गोष्टीला तुझी पाठ हलली. मी पाहिलं.

सोबत पितळेचा एक ओतीव तुकडा पाठवतो. इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारी पकड आहे. तीनदा ओतली, तिन्ही वेळा कोपऱ्यात भोकं पडली. धातू चांगला आहे, साचा कोरडा आहे, तरी असं का होतं ते मला दिसत नाही. तुझे डोळे शाबूत आहेत. बघ आणि सांग. इंदूकडून लिहवून घे.

हे वाचून तुला राग आला तरी चालेल. रागावून सांग, पण सांग.

अक्काने संक्रांतीचे लाडू दिलेत. तिला सगळं सांगितलं आहे. तिने ऐकून घेतलं, उठली, आणि तीळ भाजायला बसली.

मानाजी

•

देवास, ६ फेब्रुवारी १९१०

दादास दंडवत.

साचा कोरडा नाही. वरून कोरडा आहे, आत ओला. उन्हात ठेवून भागत नाही, चुलीच्या गरम राखेत दोन दिवस पुरून ठेव. रस ओतायचं तोंड जाड बाजूला घे. आणि कोपरा इतका टोकदार कशाला ठेवलास, गोल कर.

प्रताप

वरचं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. आता ते टेकडीकडे गेले आहेत, म्हणून हे खालचं माझं.

भावोजी, चाकी आधी पुरी झाली होती हे खरं नाही. तो रविवार होता. यांना सुट्टी होती. रुई उरली म्हणून जिनाचं इंजिन चालू ठेवलं होतं, आणि हे आपली चाकी घेऊन लेथवर गेले. खाचेवरचा शेवटचा हात राहिला होता. तो नंतर दुसऱ्या मिस्त्रीने फिरवला.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "दादाला कळलं तर तो जन्मभर स्वतःला खाईल. सांगायचं नाही." मी दोन महिने नाही सांगितलं.

पण आपला तुकडा आला. दोन दिवस तो मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सवयीने उजव्या हातात धरायला गेले आणि तो पायावर पडला. मग तोंड फिरवून बसले, खांदे हलत होते. जेवले नाहीत.

आपण चांगल्या मनाने पाठवता. पण धारेहून पितळ आलं की माझ्या घरात तो रविवार परत येतो. आता पाठवू नये. आपल्याला दोष देत नाही, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू, देते.

हे मी कळवलं ते त्यांना कळू देऊ नये.

इंदू

•

धार, २० फेब्रुवारी १९१०

चिरंजीव प्रताप,

तू सांगितलंस ते खरं निघालं. राखेत पुरलेल्या साच्यातून पकड स्वच्छ आली, एक भोक नाही.

पण गाडीचं काम आता बाजूला ठेवतो. दरबारात लग्नं निघाली आहेत, अकरा बग्ग्या रंगवायच्या आहेत, हात रिकामा नाही. इंजिन जागा अडवतं, म्हणून कोठीत जमा करतो आहे. पुढे कधी बघू.

तू प्रकृतीला जप. इंदूला म्हणावं, तिचं अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत नीट लागलं.

मानाजी

•

देवास, २२ मे १९१०

दादा, दंडवत.

हे अक्षर माझं आहे, डाव्या हाताचं. तीन महिने पाटीवर गिरवतोय. एक 'ळ' तेवढा जमत नाही, उलटा पडतो. म्हणून तो असलेले शब्द टाकून लिहितो.

फेब्रुवारीनंतर तुझी दोन पत्रं आली. दोन्हीत अक्काचे गुडघे आणि दरबारची लग्नं. गाडीचं नाव नाही. का ते मी समजलो. तुला वाटलं, आता याचा काय उपयोग. एकदा तुकडा पाठवून मन राखलं, पुरे झालं.

राग नाही. पण एक सांगतो. तो तुकडा आला तेव्हा दोन दिवस मी माणसात होतो. त्यात काय चुकलं ते तुला दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं. हात गेल्यावर असं पहिल्यांदा झालं. मग तो उजव्या हाताने धरायला गेलो आणि पायावर आदळला. मी हसलो. इंदूला वाटलं रडतोय. दोन्ही होतं.

मग तू थांबलास.

जिनात मला फाटकावर बसवलंय. गाड्या आत येतात, बाहेर जातात, मी बघतो.

इंजिन गेलं असेल तर तसं लिही. आहे असं खोटं लिहू नकोस.

प्रताप

•

धार, २९ मे १९१०

प्रताप,

तुझं पत्र अक्काला वाचून दाखवत होतो, मध्येच थांबलो. "का रे थांबलास?" म्हणाली. मी म्हणालो, अक्षर लागत नाही. अक्षर लागत होतं. 'आदळला' मध्ये तुझा ळ उलटा पडलाय, पण वाचता येतो.

तू समजलास ते चुकीचं समजलास. मला कळलं आहे की त्या दिवशी लेथवर तू माझी चाकी फिरवत होतास. कसं कळलं ते विचारू नकोस. घाई आहे असं मीच लिहिलं होतं. ती ओळ मला झोपू देत नाही, जेवू देत नाही. कानस हातात घेतली की माझे दोन्ही हात मला दिसतात. तुझी चाकी मी फडक्यात बांधून अक्काच्या ज्वारीच्या कणगीत तळाशी घातली. मला वाटलं, मी गाडीचं नाव काढलं नाही तर तुला बरं वाटेल. आता वाटतं, बरं मला वाटावं म्हणून गप्प बसलो.

तुझं पत्र वाचून होताच कोठीत गेलो. इंजिन मोडीच्या यादीत लागलं होतं, चाकांच्या गंजक्या लोखंडी धावांच्या ढिगाखाली निम्मं पुरलेलं. कोठीवाला म्हणाला, "मिस्त्रीजी, आप ही जमा करो, आप ही ले जाओ, हम क्या तमाशा देखें?" त्याला म्हटलं, देख भिया, आज तमाशाच आहे. ओढून काढलं. पेट्रोलची वाफ करणारं भांडं कुणीतरी चेपलंय, ते नवं करीन. बाकी शाबूत आहे.

मी वडील, तू धाकटा. मी क्षमा मागायची रीत नाही. तरी मागतो.

मानाजी

•

देवास, १२ जून १९१०

दादा, दंडवत.

ळ आला. बघ: पितळ, खिळा, वेळ, काळ. आणि मागच्या पत्रात निसटला तो इंदूने आधीच दाखवला होता. मी खोडलं नाही.

कसं कळलं ते विचारावं लागलं नाही. मी तुझं पत्र वाचत होतो आणि इंदू समोर पीठ चाळत होती. चाळण थांबली. म्हणाली, "मीच लिहिलं. आता जे बोलायचं ते बोला." मी चाळण डाव्या हातात घेऊन उरलेलं पीठ चाळलं. तिने एवढे महिने ते एकटीने बाळगलं.

चाकीचं ऐक, एकदाच लिहितो. घाई आहे असं तू प्रत्येक पत्रात लिहितोस, दाढीचा वस्तरा मागतानाही लिहितोस. त्यासाठी कुणी लेथवर जात नाही. ती खाच त्या दिवशी पुरी झालेली मला बघायची होती, म्हणून गेलो. अस्तनी वर बांधायची असते हे मला ठाऊक होतं. बांधली नाही. हात माझा आणि चूक माझी. यातला वाटा मी तुला देत नाही. चाकी कणगीतून काढ. ज्वारीत ओल असते, गंजेल.

आता कामाचं. गाडीवर मी बसणार आहे. पेट्रोलची आणि ठिणगीची, दोन्ही कळा डाव्या मुठीशी घे, एकीखाली एक, अंगठ्याला पोचतील अशा. ब्रेक पायाला दे. उरला उजवा दांडा. त्याच्या टोकाला पितळेची वाटी ओत, हात तिच्यात टेकेल अशी. आतून चामडं. वरची बाजू उघडी ठेव आणि घट्ट करू नकोस. पडलो तर हात आपोआप सुटला पाहिजे.

मापासाठी हात उघडावा लागला. मी तो इंदूला दाखवला नव्हता. परवा दुपारी ती सुताचा दोरा घेऊन समोर बसली, म्हणाली, "वाटी करायची ना? मग माप कोण देणार?" मी पट्टी सोडली. तिने हात उजेडाकडे वळवून पाहिला. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, याहून वाईट असेल." तीन ठिकाणी दोरा गुंडाळून गाठी मारल्या. तिचा हात स्थिर होता. मीच हात मागे ओढला, म्हणून माप दोनदा घेतलं. नंतर ती माझा हात तसाच धरून बसली, दूधवाला आला तोपर्यंत.

दोरा सोबत आहे. मेणाचा साचा ती करते आहे, मागाहून येईल. वाटीच्या आतलं चामडंही तीच शिवणार म्हणते.

प्रताप

•

धार, ९ ऑक्टोबर १९१०

चिरंजीव प्रताप आणि चिरंजीव सौभाग्यवती इंदू, दोघांना आशीर्वाद.

पहिली वाटी तडकली. दुसरी इतकी जड झाली की दांडा उजवीकडे कलंडायचा. तिसरी बसली. इंदूचा मेणाचा साचा इतका नेमका होता की तिच्या बोटांचे ठसे पितळेत उतरलेत. आतले घासले, बाहेरचे ठेवलेत. कानस लावायला मन झालं नाही.

कळा तू सांगितल्यास तशाच केल्या, पण खालची अंगठ्याला नीट पोचते की नाही ते कागदावर कळेना. म्हणून परवा उजवा हात पाठीशी बांधून घेतला आणि देवीसागर तलावाच्या पाळीवरून गाडी चालवली. दोनदा पडलो. एकदा बाभळीत. खालची कळ अर्धा इंच आत घ्यायला हवी होती, घेतली. मग गाडी तलावाला पूर्ण वळसा घालून आली. पाळीवर धुणं धुणाऱ्या बायका कपडे टाकून उभ्या राहिल्या. घरी आलो तर अक्काने खरचटलेल्या जागी हळद लावली आणि विचारलं, "हात कशाला बांधला होतास?" कारण सांगितलं. म्हणाली, "अस्सं," आणि आणखी हळद लावली, जिथे खरचटलं नव्हतं तिथेही.

दिवाळी झाली की दोघं इकडे या. आठ दिवस तू मैदानावर शीक. परत जाशील ते गाडीवर. इंदूला घेऊन मी मागून टांग्याने येतो. इंदूरला मुक्काम करू.

इंदू, तू दोष दिला होतास तो मी घेतला होता. आता तो फिरवायचा की ठेवायचा, ते गाडी पाहून ठरव.

मानाजी

•

देवास, २२ जानेवारी १९११

तीर्थस्वरूप अक्कांच्या चरणी इंदूचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र भावोजी वाचून दाखवतील. मधलं काही गाळू नये, अशी त्यांना विनंती आहे.

गाडी धारेहून देवासपर्यंत स्वतःच्या पायांनी आली, असं भावोजींनी आपल्याला सांगितलं असेल. तसं नाही. बेटम्यापर्यंत छान आली. इंदूरातून निघतानाही छान होती. आमचा टांगा मागे आणि ते पुढे, धुळीत नुसती पाठ दिसायची. माझे डोळे त्या पाठीवरून हलत नव्हते. खरं सांगते अक्का, मी सगळा पावसाळा मनात म्हणत होते की हे इंजिन कधी चालू होऊ नये. आणि त्या दिवशी ते जरा जरी खोकलं तरी मी देवाचा धावा करत होते, की बंद पडलं तर यांना काय वाटेल.

क्षिप्रेच्या अलीकडे चढावर पट्टा जळाला. दुसरा पट्टा नव्हता. तो आणायला भावोजी विसरले होते, हे त्यांनी वाचावं. मी टांग्यातून उतरून धावले. वाटलं, हे आता खाली बसतील, पुन्हा भिंत. तर ते गाडीशेजारी मांडी घालून जळका पट्टा वास घेऊन बघत होते आणि म्हणाले, "रुंदी कमी पडली. पुढच्याला पाव इंच वाढवू." मी रस्त्यातच बसून हसले, की रडले, ते आता मलाही सांगता येत नाही.

मग भावोजींनी आणि टांगेवाल्याने गाडी एका बैलगाडीवर चढवली आणि शेवटचे दोन कोस आम्ही बैलांच्या चालीने आलो. मी कुणालाही दोष दिला नाही, भावोजींना तसं समजावं.

त्या दिवसापासून हे रोज जिनापर्यंत गाडीने जातात. फाटकावर बसत नाहीत. आधी जो मिस्त्री यांच्या हाताखाली होता, तो आता यांना विचारून लेथ लावतो. हे समोर उभे राहून सांगतात, आणि प्रत्येकाची अस्तनी आधी तपासतात. मी गाडीवर अजून बसले नाही. बसेन. विचारतात रोज.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे.

परवा दारात तोच बैलगाडीवाला आला. मांगीलाल त्याचं नाव. त्या दिवशी तो डोक्यापासून घोंगडी लपेटून गाडी हाकत होता, आम्ही कुणी नीट पाहिलंच नव्हतं. त्याला डावा पंजा नाही. चार वर्षांपूर्वी भरल्या गाडीच्या चाकाखाली गेला. बैलांच्या राशीचे दोर तो कोपरात आवळून धरतो, आणि बैल बुजला की राशी सुटतात. दोनदा गाडी उलटली. सगळा रस्ता तो वळून वळून आमच्या वाटीकडे बघत होता म्हणे, पण विचारायचा धीर झाला नाही. दोन महिन्यांनी झाला.

पायरीवर उभा राहून म्हणाला, "भिया, असी वाटकी म्हारे वास्ते भी बण सके कंई?"

यांनी त्याला आत बोलावून आपल्या शेजारी बसवलं. मी माप घ्यायला उठले, तर मला म्हणाले, "थांब, हे माझं काम." वहीतून कागदाची लांब पट्टी फाडली, एक टोक दातांत धरलं आणि दुसरं त्याच्या हाताभोवती फिरवलं. मांगीलालने मान तिसरीकडे वळवली. तसे हे थांबले. पट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, "इधर देख, भिया. हात तो थारो ही है." तो हळूहळू वळला. मग दोघांनी मिळून माप घेतलं. कागद त्याने दाबून धरला, पेन्सिलीच्या खुणा यांनी केल्या.

ती पट्टी या पत्रासोबत आहे. राशी अडकवायला वाटीच्या खाली आकडा हवा, आणि वाटी चामड्याच्या पट्ट्याने दंडाला बांधता यावी, असं हे म्हणतात. साचा मी करायला घेतला आहे. भावोजींनी भट्टी कधी लावणार ते कळवावं. मांगीलाल दर मंगळवारी बाजाराला येतो. त्याला सांगायचं आहे.

इंदू